पेवातला कंदील

लढाईमुळं रॉकेल मिळेनासं झालं होतं. सांगलीजवळ हरिपुरात, हळद साठवायच्या पेवांपाशी बसून मी मॅट्रिकचं इंग्रजी घोकत होतो. शंका असली की 'डाउट'च्या पुढं 'व्हेदर', शंका नसली की 'दॅट'. मला ते पक्कं येत होतं.

समोर एक हमाल जमिनीतल्या खोल पेवात दोरीनं पेटता कंदील सोडत होता. आतली हवा विषारी असली की कंदील विझतो.

"रॉकेल कशाला जाळतोस?" व्यापारी म्हणाला. "पेव कालच उघडलंय. हवा चांगली आहे, मला शंका नाही."

"मग तुमीच उतरा की, शेठ."

शेठ मागं सरले. तळाशी कंदील विझला. हमाल विडी काढून निवांत सावलीत बसला.

पुढं मी इंग्रजीचा मास्तर झालो. कुणी 'शंका नाही' म्हणालं, की अजून विचारतो, "कंदील सोडला होता का?"