हार्वेस्ट नावाचा ऋतू

नव्या तांदळाचा वास आला की मला शेवंता आठवते. चंदगडची ही पोर मामाकडे राहून मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत शिकायची. पावसाळ्यानंतरच्या ऋतूचं इंग्रजी नाव विचारलं, तर तिनं वहीत ‘हार्वेस्ट’ लिहिलं.

मी लाल फुली मारली. "अगं, हार्वेस्ट म्हणजे कापणी. तो काय ऋतू आहे?"

"आमच्यात पावसाळा सरला की सुगीच येती की, बाई!"

वर्ग हसला. मीही हसले. दिवाळीनंतर मात्र तिनं माझ्यासाठी सुगीच्या नव्या तांदळाची पुरचुंडी आणली.

परवा शब्दकोशात वाचलं, इंग्रजीत हार्वेस्ट हे आधी ऋतूचंच नाव होतं; कापणी हा अर्थ मागाहून आला.

तिचा तांदूळ मी चवीनं खाल्ला होता. फुली तेवढी तिच्या वहीत तशीच राहिली.