उलट्या सिंहाचा रुपया

तर गुणाबाई काही केल्या ते नाणं घेईना. काल इथंच थांबलो होतो न आपण, मध्येच चहा आला म्हणून. देवणीच्या स्टँडवर एसटी उभी, कंडक्टर ईश्वरप्पानं तिला सुटे परत दिलेले, आणि त्यातल्या एका रुपयाच्या कडेला चंद्रकोरीसारखा घास. भाकरीचा तुकडा दातानं तोडावा तसा. गुणाबाई माळव्याची, भाजीपाल्याची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं रुपया डोळ्याजवळ नेला आणि म्हणाली, "ह्येला कुणी खाल्लंय रे? मी कुणाचं उष्टं घेत नसते."

सगळी गाडी हसली. ईश्वरप्पानं खिशातला आपला स्वतःचा रुपया तिला दिला, तो उष्टा रुपया शर्टाच्या वरच्या खिशात टाकला आणि डबल बेल मारली.

त्या दिवसापासून तो नादाला लागला. उदगीर डेपोत त्यानं एकतीस वर्षं नोकरी केली, आणि एवढ्या काळात त्याच्या हातात चुकलेलं नाणं आलं आणि त्यानं ते पुढं ढकललं, असं झालं नाही. प्रत्येक वेळी पदरचा रुपया पिशवीत टाकायचा, चुकलेलं घरी आणायचं. मी त्याला एकदा म्हणालो, "येड्या, चांगलं देऊन वाईट घेणारा कंडक्टर मी पहिल्यांदा बघून राहिलो." तो म्हणाला, "नाना, वाईट न्हाई ते. त्येला फक्त कुणी घेईना झालंय."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. माझं शिक्षण गावच्या शाळेतलं, सातवीपर्यंतचं, पण मला कळलं. टांकसाळीत धडाधड नाणी पडत असतात. एखाद्यावर ठसा सरकून बसतो, एखादं ठसा न बसताच कोरं निसटतं, एखाद्याला कडेला घास लागतो. तपासणारी माणसं असली नाणी वेचून पुन्हा वितळवायला टाकतात. पण माणसाचीच नजर ती, लाखात एखादं सुटतं आणि गावोगाव फिरत राहतं. आमच्याकडं मध्यंतरी दहाचं चांगलं धडधाकट नाणंसुद्धा दुकानदार घेईनात. तिथं चुकलेल्याला कोण विचारतो? ईश्वरप्पा विचारायचा.

त्याच्याकडं चहापत्तीचा एक जुना पत्र्याचा डबा होता. प्रत्येक नाणं त्यानं एसटीच्या जुन्या कागदी तिकिटात गुंडाळून ठेवलेलं, ज्या गाडीत मिळालं त्याच गाडीच्या. पुडी सोडली की नाण्याच्या आधी तो गावं सांगायचा. हे मुखेडच्या गाडीतलं, वऱ्हाड होतं, नवरदेवालाच गाडी लागली होती. हे निलंग्याच्या गाडीतलं, बोकडाचं तिकीट काढायचं का नाही यावरून भांडण झालं होतं. एक नाणं बघायला अर्धा तास लागायचा. अलीकडं मोबाईलवर काहीबाही बघून लोक त्याच्या दारात यायचे, "अप्पा, आमच्या नाण्याचे लाख येतील का?" तो भिंग लावून बघायचा आणि म्हणायचा, "येतील की. आधी चहा घ्या." चहा पिऊन होईपर्यंत त्यांची आशा आपोआप उतरायची.

पण डब्यातला राजा एकच. नांदेड-देगलूर गाडीत एक बांगड्या विकणारा माणूस तो खिडकीतून बाहेर भिरकावायला निघाला होता, खोटा म्हणून. ईश्वरप्पानं त्याचा हात धरला. जुन्या काळातला मोठा रुपया. एका बाजूला सिंहाची मुद्रा, नेहमीसारखी उठावदार. उलटा केला तर आकडा नाही, कणसं नाही, काही नाही. तिथंही तोच सिंह, पण आत खोल गेलेला आणि तोंडं उलटीकडं. ईश्वरप्पा सांगायचा, आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि ह्याच्या पाठीवर त्याचीच खूण उमटली. असला रुपया त्याला दुसरा कधी मिळाला नाही.

आता मागच्या वर्षी काय झालं ते ऐका. नांदेडला नाणी जमवणाऱ्या मंडळींनी दसऱ्यानंतर प्रदर्शन ठरवलं. त्यांच्यातले आनंदराज म्हणून एक सद्गृहस्थ, विष्णुपुरीला राहतात, ते खास उदगीरला आले. ईश्वरप्पाचा डबा बघितला आणि उलटा सिंह हातात आल्यावर तो दाराच्या उजेडात नेऊन दोनदा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "अप्पा, मधलं टेबल तुमचं." त्यांनी फोटो काढून नेला आणि निमंत्रणाच्या कार्डावर छापला. आमचा कंडक्टर, ज्याचं नाव आजवर फक्त डेपोच्या फळ्यावर लागलं, त्याचं नाव कार्डावर आलं. त्यानं पंचवीस कार्डं मागवून घेतली. मला तीन दिली. मी विचारलं, तीन कशाला? तर म्हणाला, "एखादं हरवलं तर."

फोटो काढून झाल्यावर त्यानं रुपया डब्यात ठेवला नाही. आनंदाच्या भरात देवळीत, देवापुढच्या वाटीत ठेवला. आणि चार दिवसांनी बघतो तर वाटी रिकामी.

घर उलटंपालटं केलं. गाद्या झाडल्या, ज्वारीची पोती हलवली, मोरीच्या जाळीत तार घालून बघितली. मलाही कामाला लावलं. त्याच्या घरचं माणूस, शिवगंगाबाई, शेंगा निवडत शांत बसलेल्या.

"अवो, रुपयाच हाय न? घ्या की दुसरा," त्या म्हणाल्या.

"दुसरा नसतोय त्याला."

"मग त्याच्याशीच लगीन करायचं होतं."

एरवी ईश्वरप्पानं याला उत्तर दिलं असतं. त्या दिवशी पुन्हा मोरीच्या जाळीत तार घालायला गेला. दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ताट सरकवलं आणि आनंदराजांना फोन लावायला चष्मा शोधू लागला. आता मात्र बाईंना राहवेना. त्यांचं माहेर भालकीकडचं, जीव कासावीस झाला की कानडी बाहेर पडते. "सुम्निर्री जरा," त्या म्हणाल्या, "गप बसा, ठेवा तो फोन. सांगते. पण कुणाजवळ बोलायचं न्हाई." मी उठायला लागलो तर मला म्हणाल्या, "तुम्ही बसा भावजी. तुम्ही बाहेर गेलात तर हे तुम्हाला सांगणारच, मंग अर्धं चुकीचं सांगतील."

झालं होतं असं. ईश्वरप्पाच्या बहिणीची लेक मंजुश्री, मुदखेडला दिलेली, त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना दाखवायला उदगीरला आली होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, आणि दोनदा दिवस राहून वाया गेलेले. आता तिसऱ्यांदा. तिसरा महिना सरत आलेला, बाळंतपणाची तारीख होळीच्या आसपासची. गावाला कळायच्या आधी घरातल्या बायका गुपचूप ओटी भरतात, तिला चोरओटी म्हणतात. पुरुषांच्या कानावर घालत नाहीत. मी आज तुम्हाला उघडपणे सांगतोय, कारण आज सांगायला चालतं. तर मामीनं घाईघाईत भाचीची ओटी भरली, गाडीची वेळ झालेली. तांदूळ, खोबरं, हळकुंड, सुपारी, आणि रुपया. हल्लीचा रुपया शर्टाच्या गुंडीएवढा, तो लेकराच्या ओटीत काय घालायचा? देवळीत मोठा, जुना, सिंहाचा रुपया दिसला. देवापुढचाच होता. तोच घातला.

ईश्वरप्पा भिंतीला टेकून बसला. ओटीत घातलेलं परत मागत नाहीत, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मागायचं म्हणजे नुसता रुपया नाही मागायचा, त्याबरोबर दिलेला आशीर्वादही परत घेतल्यासारखं होतं.

मग तो म्हणाला, "मागायचं न्हाई. बदलून घ्यायचं."

"म्हंजे?" बाई म्हणाल्या.

"मी जन्मभर काय केलं? एक देऊन एक घेतलं."

त्यानं ट्रंकेतून आईच्या गळ्यातल्या माळेतला, गाठल्यातला हाली रुपया काढला. निजामाच्या वेळचा, अस्सल चांदीचा. चांदी बघून कोणीही बदलेल, असं त्याचं म्हणणं. बाईंनी तोंडाला पदर लावला, पण अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. नांदेडला उतरून मुदखेडची गाडी धरली. वाटभर तो काय बोलायचं त्याची तालीम करत होता, कारण त्याला भाचीचं काही ठाऊकच नाही, असं दाखवायचं होतं.

मंजुश्रीच्या सासूनं, पार्वतीबाईंनी, दार उघडलं. जावई रविकिरण रेल्वेत, तो कामावर गेलेला. पोरगी खाटेवर पडून होती, पायाखाली दोन उशा. डॉक्टरीणबाईंनी उठायची मनाई केलेली.

"कंबर धरलीया मामा," ती म्हणाली.

"वातावरणच तसलं हाय," ईश्वरप्पा म्हणाला. "माझी बी धरती."

"इकडं कसं काय आलात?"

"फुलं न्यायला. मुदखेडची फुलं चांगली असतेत."

उदगीरहून फुलं न्यायला दोन म्हातारे आले, यावर पार्वतीबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. चौघांनाही सगळं ठाऊक, आणि चौघंही कंबरेवर बोलतोय. पार्वतीबाई चहा टाकायला आत गेल्या.

ईश्वरप्पानं हाली रुपया काढला. "तुझ्या आज्जीचा हाय. तुला द्यायचा राहिला होता." तिनं दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला. आता हा पुढचं वाक्य काढणार, तोच तिनं दाराकडं बघून आवाज बारीक केला.

"मामा, तुम्हाला एक दाखवू का? तुम्हाला नाण्यातलं कळतं. पण मामीला सांगायचं न्हाई."

तिनं उशीखालून हातरुमाल काढला, गाठ सोडली. उलटा सिंह.

"ह्यो खोटा हाय न? दोन्हीकडं सिंहच हाय, रुपया कुठं लिहिलेलाच न्हाई. मामीनं दिलेला, घाईत होती ती. कशासाठी दिला ते इचारू नका. मी माहेरी कुणाला बोलले न्हाई. मामीला कळलं आपण खोटा रुपया घातला, तर जन्मभर जिवाला लावून घेईल."

ईश्वरप्पानं रुपया हातात घेतला.

"तरी ठेवलास की जवळ," तो म्हणाला.

"मागून खळगा हाय त्याला. हे बघा." तिनं रुपया त्याच्या तळहातावरच उलटा केला आणि आपला अंगठा त्या खोल सिंहावर ठेवला. "भ्या वाटलं की असा ठेवते. परवा रात्री कळ आली होती, तवा दाबून धरला होता. थांबली कळ." मग म्हणाली, "पण सासूबाई म्हणतेत, खोटं नाणं घरात ठेवू नये. खोटा असला तर तुम्हीच घेऊन जावा मामा. तुम्ही खरं सांगा."

बघा, काय वेळ आली. रुपया त्याच्या हातात. ती स्वतः म्हणतेय, घेऊन जावा. एक शब्द बोलायचा, बस. तिकडं नांदेडला कार्डं वाटून झालेली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, आणि रुपया दोन्ही अंगांनी असा बघितला जसा काही जन्मात पहिल्यांदाच बघतोय.

"खोटा न्हाई गं," तो म्हणाला. "अगदी खरा हाय. सरकारी टांकसाळीतलाच. लाखांत एखादाच असा निघतोय, आणि आजवर ज्यानं बघितला त्यानं टाकून द्यायचंच काढलं. त्यातून निभावून आलाय तो. चिवट हाय. जवळ ठेव." त्यानं रुमालात रुपया ठेवला आणि गाठ स्वतः मारली. "सासूबाईंना सांग, कंडक्टर मामानं तपासलाय."

ती रडायला लागली. कंबरेमुळं, असं तिनं चहा घेऊन आलेल्या पार्वतीबाईंना सांगितलं.

परतीच्या गाडीत बसलो. मी म्हणालो, "हाली रुपया तरी परत घ्यायचा. बदली झालीच न्हाई." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नाना, तिचा अंगठा बघितलास का? बरोबर बसला त्यात." फुलं मात्र घेतली होती आम्ही, दोन रुपयांचे गजरे नव्हे, चांगली टोपलीभर. गाडीतल्या बायकांनी अर्धी वाटेतच मागून नेली.

प्रदर्शनाला आम्ही तिघं गेलो. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये मधलं टेबल, त्यावर पांढरी चादर, आणि प्रत्येक नाणं आपापल्या तिकिटावर. घास लागलेला रुपया, ठसा सरकलेलं दोनचं नाणं, कोरी चकती, सगळी सभा भरलेली. फक्त मधोमध एक तिकीट तसंच अंथरलेलं, नांदेड-देगलूर, त्यावर काही नाही. लोक येत, कार्डावरचा फोटो बघत, त्या रिकाम्या तिकिटाकडं बघत, आणि पुढं सरकत.

अकराच्या सुमाराला आनंदराज आले. बरोबर हैद्राबादचे दोन पाहुणे, खास तोच रुपया बघायला आलेले. आनंदराजांचा चेहरा उतरला. "अप्पा, हे काय? उलटा सिंह कुठाय? विकला की काय?"

मागं खुर्चीवर शिवगंगाबाई भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांनी डब्याची कडी घट्ट धरली. खरं सांगावं तर पोरीचं गुपित फुटतं, अजून पाचवा महिनाही लागला नव्हता. आणि खोटं बोलणं ईश्वरप्पाला जन्मात जमलं नाही.

त्यानं ते रिकामं तिकीट बोटानं सरळ केलं, पाहुण्यांना नमस्कार केला, आणि म्हणाला:

"साहेब, त्यो रुपया सध्या मुदखेडला ड्यूटीवर हाय. लई जोखमीची ड्यूटी हाय, बदलीवर दुसरा कुणी मिळंना. होळीपर्यंत तरी त्याला रजा न्हाई."