बंद दाराआडची प्रार्थना सभा

आमच्या जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीत दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असते. गाणी होतात, पाळक बायबलमधलं वचन सांगतात आणि शेवटची प्रार्थना माझ्याकडे येते. मी बाजार समितीत कारकून. दिवसभर माझं कुणी पुरतं ऐकून घेत नाही, त्याची सगळी कसर मी शुक्रवारी भरून काढायचो. ज्यांनी घर उघडलं त्यांच्यासाठी, ज्या भगिनीने चहापाणी केलं तिच्यासाठी, आजाऱ्यांसाठी, तीर्थपुरीहून मोटारसायकलवर आलेल्या दोघांसाठी आणि त्यांच्या परतीच्या प्रवासासाठीसुद्धा. तोवर आत पोहे गार झालेले असत. लोक मात्र म्हणत, प्रार्थना करावी तर यांनीच. मलाही ते पटलं होतं.

गेल्या वर्षी पाळकांनी सांगितलं, येत्या रविवारी तरुणांना एकांतातल्या प्रार्थनेचा तुमचा अनुभव सांगा. मी ऐटीत मान डोलावली. घरी पोचेपर्यंत लक्षात आलं की सांगण्यासारखा अनुभवच नाही. चारचौघांत इतकी वर्षं प्रार्थना केली. एकट्याने शेवटची कधी केली, आठवेना. फजितीची भीती होतीच, पण त्याहून वाईट शंका मनात आली. ऐकायला माणसं नसतील तर माझं आणि देवाचं काही नातं आहे की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीचं दार लावलं, सतरंजीवर गुडघे टेकले. सुरुवात झकास झाली. आवाज लागला, शब्द आपोआप येऊ लागले. चांगली दहा मिनिटं झाल्यावर आमेन म्हणून दार उघडलं, तर बायको तोंडाला पदर लावून उभी.

"आवं, जमलेल्या बंधुभगिनींत मी एकटीच हाय," ती म्हणाली. "अन् भगिनीने चहा अजून टाकलाबी न्हाई."

म्हणजे मी माझ्याच घरात, एकट्याने, घर उघडणाऱ्या कुटुंबासाठी आशीर्वाद मागितला होता. परतीचा प्रवासही सुखरूप करून टाकला होता, आतल्या खोलीपासून ओट्यापर्यंतचा. दोघंही पोट धरून हसलो. हसता हसता मला लाज वाटली, आणि मी तिला खरं ते सांगून टाकलं, की याखेरीज देवाशी काय बोलायचं ते मला येतच नाही.

"मंग तेवढंच सांगा ना त्याला," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पुन्हा दार लावलं. मग हळूच म्हणालो, प्रभू, मला काही सुचत नाही. गुडघा दुखतोय. मंडळीत नव्याने आलेले ते गुरुजी माझ्याहून सुरेख प्रार्थना करतात, ते मला बघवत नाही. ते तापाने पडले होते तेव्हा आजाऱ्यांत त्यांचं नाव घ्यायला मी विसरलो नव्हतो, मुद्दाम गाळलं होतं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मनाला इतकं हलकं वाटत होतं की बाहेरून दोनदा हाक आली तरी उठवेना.

रविवारी तरुणांना हाच अनुभव सांगितला, गाळलेल्या नावासकट. गुरुजी पहिल्याच बाकावर बसले होते. सगळ्यांत आधी तेच हसले, आणि सभा सुटल्यावर म्हणाले, उद्या सकाळी मीही दार लावून बघतो.