वयाचा मान

जज ऑगस्टा लिंडहोमला महिन्यातून एकदा स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरावं लागे. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या त्या बंदरात फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयाचे पाच जज होते आणि त्यांची मासिक बैठक खाणमालकांच्या जुन्या क्लबात, जेवता जेवता व्हायची. क्लबाच्या पुढच्या दारातून बायकांना मज्जाव होता. त्यामुळे माणसाला वीस वर्षं तुरुंगात धाडण्याचा अधिकार असलेली ही बाई बटाट्यांच्या पोत्यांमधून वाट काढत जेवणाच्या टेबलापर्यंत पोचायची.

तिथली आचारीण बर्निस तिच्यावर भलती खूश. "या, जजबाई. आज मासा घेऊ नका, शिळा आहे," ती हळूच सांगायची. "आणि त्या बाप्यांना काही बोलू नका हं. खाऊ देत."

ऑगस्टा मुकाट चिकन मागवायची.

ऑगस्टाचा बाप खाटीक. पोरीने दुकानात बसून शाळेचा अभ्यास केला, मग दिवसा टाइपिंग करत संध्याकाळच्या वर्गात वकिली शिकली. वकील झाल्यावर पहिल्या कचेरीत तिला काम काय मिळालं? टाइपिंगच! युक्तिवाद ती लिहायची, कोर्टात पुरुष वाचून दाखवायचे. एकदा लोहखनिज वाहणाऱ्या दोन बोटी धक्क्यापाशी एकमेकींवर आदळल्या. खटल्याच्या दिवशी तिच्या साहेबांची आदल्या दिवशीची उतरलेली नव्हती, म्हणून ही उभी राहिली. बोटीचा पुढचा भाग कुठे, मागचा कुठे हे साहेबांना शुद्धीतसुद्धा कळत नसे. हिला कळत होतं. त्यानंतर बोटवाले 'त्या बाईंना पाठवा' म्हणू लागले. पुढे १९६२ साली तिथल्या सिनेटर साहेबांना बायकांची मतं हवीशी वाटली आणि जजपदासाठी ऑगस्टाचं नाव वॉशिंग्टनला गेलं. देशभरातल्या फेडरल न्यायालयांत तेव्हा बाई जज दिवा घेऊन शोधावी लागत होती.

वकील तिला सवयीने 'सर' म्हणत. "असू दे. मुद्दा बोला," ती म्हणायची. ज्युरीसाठी बायकांची नावं निघाली की 'घरी पोरांचं कोण बघणार' म्हणून कारकून ती परस्पर गाळत. ते मात्र तिने आपल्या कोर्टात पहिल्याच वर्षी बंद केलं. दुसऱ्यांवरचा अन्याय तिला लगेच दिसायचा. स्वतःची वेळ आली की तिचं 'असू दे' ठरलेलं.

आणि सगळ्यात मोठं 'असू दे' तिने हॉलिस ब्रँडेनबर्गच्या बाबतीत म्हटलं होतं.

हॉलिस आणि ती एकाच दिवशी जज झाले. नेमणुकीच्या कागदांवर तारीख एकच. शपथेच्या दिवशी हॉलिसच्या घरच्यांना दुपारची गाडी पकडायची होती, म्हणून त्याला आधी शपथ दिली, हिला जेवणानंतर. तेवढ्यावरून हॉलिस ज्येष्ठ ठरला. समारंभात तो पुढे, ती मागे. त्याला सरोवराकडचं दालन, तिला आगगाडीच्या यार्डाकडचं. आता कायदा साधा आहे: तारीख एकच असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. ऑगस्टा हॉलिसपेक्षा सव्वा वर्षाने मोठी. पण दिवसभर दुसऱ्यांना कायदा शिकवणाऱ्या या मंडळींनी स्वतःचा कायदा कधी उघडून पाहिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ऑगस्टाने मात्र पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. पाहिला आणि मूग गिळून बसली. कारण बाकीचे तिघे तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नव्हते तेव्हा एकटा हॉलिस तिच्या दालनात येऊन खुर्ची ओढायचा, "ही भानगड कशी सोडवायची गं?" म्हणून विचारायचा. तिचा निकाल वरच्या कोर्टाने फिरवला तेव्हा "मीही हाच दिला असता" असं सगळ्यांसमोर म्हणाला होता. अशा माणसाला वयाचे दाखले कुठे दाखवत बसायचं?

पण १९७४ साली मुख्य न्यायाधीश प्रुइट सत्तरीला आले. उरलेले दोघे हॉलिस आणि ऑगस्टाच्या नंतर नेमलेले. सत्तरी झाली की मुख्य न्यायाधीशाचं पद सोडायचं आणि ते आपोआप पुढच्या ज्येष्ठाकडे जायचं. मतदान नाही, चर्चा नाही. हॉलिस एकदा त्या खुर्चीत बसला की स्वतःच्या सत्तरीपर्यंत बसणार आणि ऑगस्टाची सत्तरी त्याच्या आधी येणार. म्हणजे आता गप्प राहिली तर तिची पाळी कधीच येणार नव्हती. भीड ही भिकेची बहीण, हे तिला एकसष्टाव्या वर्षी कळत होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती हॉलिसच्या दालनात गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली.

हॉलिस चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून." त्याने मान वर केली नाही. "मला वाटलं, तुला माहीत नसेल."

"आणि मला वाटत होतं, तुला माहीत नाही! म्हणून मी तुला जपत होते, हॉलिस!"

तिला ब्रह्मांड आठवलं. बारा वर्षं ती ज्याची भीड धरून होती तो तिच्याच जागेवर, समजून उमजून बसला होता. राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं.

"ऑगस्टा, हे बघ," तो म्हणाला, "घरी सगळ्यांना सांगून झालंय. दोन वर्षं मला राहू दे. मग मी आपण होऊन बाजूला होतो, तू बस. कुणाला काही कळणार नाही."

'असू दे' तिच्या ओठांवर आलं होतं. कसंबसं गिळलं.

"उद्या बैठकीत तू सांग," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून बरं दिसेल."

त्याने मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, हे तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं, गोड आलं, कॉफी आली. हॉलिस कॉफी ढवळत होता. साखर त्याने घातलीच नव्हती. प्रुइट उठले. "चला, माझी सुटका झाली. आता या हॉलिसला छळा!" सगळे हसले, पेले वर झाले.

ऑगस्टाने हॉलिसकडे पाहिलं. तो टेबलक्लॉथकडे बघत होता.

"थांबा," ती म्हणाली. "नेमणुकीची तारीख आमची एकच आहे. मी १९१३ सालच्या जानेवारीतली, हॉलिस १९१४ सालच्या एप्रिलमधला. कायद्याने पद माझ्याकडे येतं."

"अहो, कायद्यात असं कुठे..." प्रुइट थबकले. कायद्यात काय आहे ते त्यांना आठवेना. "बाई, पण ही वेळ आहे का? इतकी वर्षं त्याला..."

"तिचं बरोबर आहे," हॉलिस म्हणाला. "मला माहीत होतं. मला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

पेले एकेक करून खाली आले. त्या क्षणी ऑगस्टाला त्याची दया आली, आणि जन्मभराच्या सवयीने ती माफी मागणार होती. नाही मागितली.

शेवटी प्रुइट खाली बसले. "बरं. मग नव्या मुख्य न्यायाधीशांना काही बोलायचंय?"

"फारसं नाही," ऑगस्टा म्हणाली. "पुढची बैठक न्यायालयात होईल. डबे आपापले आणा."

"आणि इथलं जेवण?" कोणीतरी विचारलं.

"इथे मी स्वयंपाकघरातून येते," ती म्हणाली. "तुम्ही दर महिन्याला बघता."

एवढी वर्षं खरंच सगळे बघत होते. बैठक हलवायला मान्यता आहे का, असं प्रुइटनी विचारलं तेव्हा पहिला हात हॉलिसने वर केला. "हरकत नाही," तो म्हणाला, आणि तेव्हाही त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.