पाचवी भाषा

विद्यापीठात निवासी लेखक म्हणून राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच तासाला एका मुलीचा हात माझ्या नजरेत भरला. तो खांद्यापर्यंत वर यायचा आणि पुन्हा वहीवर पडायचा. विभागप्रमुख बाई नुकत्याच माझी ओळख करून देऊन गेल्या होत्या, "सर चार भाषांत लिहितात." त्यावर टाळ्याही झाल्या होत्या.

"विचार ना," मी त्या मुलीला म्हणालो.

ती उभी राहिली. "सर, या चारांतली तुमच्या याडीला कुठली कळते?"

आमच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात. पण मी तांड्यावरचा आहे हे कुठल्याच व्यासपीठावर मी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या बोलण्यातल्या कुठल्या हेलावरून तिनं ओळखलं, कोण जाणे. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. हसून वेळ मारून नेता आली असती. ते मला चांगलं जमतं. माणूस भाषा शिकतो ती बोलण्यासाठी, असं मी सगळीकडे सांगत आलो होतो. पण काही भाषा तो लपण्यासाठीही शिकतो.

"एकही नाही," मी म्हणालो. "ती फक्त आमची गोरमाटी बोलते. आणि गोरमाटीत मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही."

ती मुलगी खाली बसली नाही.

"मग बोला तरी, सर," ती म्हणाली. "आम्ही ऐकतो."

मी याडीबद्दल गोरमाटीत बोलू लागलो. पहिल्या वाक्याला अडखळलो. दुसऱ्या वाक्याला त्या मुलीचा हुंकार आला.