आरशाची उंची

जुनं कपाट वाळवीनं खाल्लं, म्हणून झोपायच्या खोलीसाठी नवं बघायला गेलो. दिसायला झोकदार आणि खिशाला झेपेल असं एक सापडलं. त्याच्या दाराला आरसा होता. मी गुडघे वाकवून त्यात बघितलं.

दुकानदार हसला, "काका, कंबर धरली का?"

"गप रे, आरसा बघतोय."

आमची ही बुटकी. आरसा तिच्या उंचीला येतो का, हे मी नेहमी असंच वाकून बघायचो. बायको मेली हे मला कळतं, गुडघ्यांना अजून कळलेलं नाही. सरळ उभा राहिलो तर आरशात नुसता सदरा दिसला, तोंड नाही.

तरी तेच कपाट घेतलं. आता रोज भांग पाडायला वाकतो. आरशात माझ्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी दिसते.