फाटकवालीचं धुणं

जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरात हिवाळा पाहुण्यासारखा येतो आणि जावयासारखा ठाण मांडून बसतो. मग बाप्ये माणसं चाकू घेऊन लाकडं कोरतात, नाहीतर टेबलावर खेळण्यातल्या आगगाड्या मांडतात. एकेहार्ट उलिग आगगाडीवाला. रूळ ठोकण्यात उभा जन्म गेला, पेन्शनीत निघाला आणि गावच्या आगगाडी मंडळात बोटभर उंचीची झाडं लावत बसला. बांधावरची वाळकी काडी, तिला तारेचे फाटे, वर रंगवलेल्या भुशाची पालवी. बोलणं कमी. चिमटा हातात असला की तेही नाही.

मंडळाचा नियम कडक. मांडणी म्हणजे सत्त्याऐंशी पट लहान केलेलं आपलंच गाव; तिच्यावर दिवस एकच आणि घटकाही एकच. यांनी धरला होता एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यातला रविवार. चर्च नुकतंच सुटलंय, सहलीची गाडी फाटक ओलांडून स्टेशनात टेकलीय. सावल्या त्याच वेळच्या, बायकांच्या टोप्यासुद्धा त्याच सालच्या. मागं एकानं चुकून पुढच्या सालातली मोटार ठेवली, तर शेळीला सोंड लावल्यासारखा गहजब झाला होता.

एकेहार्टच्या वाट्याला रुळावरचं फाटक आलं. ते त्याच्या आईचं. नवरा गेल्यावर हुल्डा उलिगनं ते फाटक म्हातारी होईस्तोवर वरखाली केलं. आता फाटक नाही, शेजारची तिची खोली पाडून तिथं मोटारी लावतात. थडग्याच्या जागेची मुदत संपली, तसा दगडही उचलला गेला. तिकडची रीतच ती. आईची गावात खूण म्हणावी अशी उरली नव्हती. मंडळाच्या टेबलावरचं हे वीतभर अंगण तेवढं होतं.

त्यानं खोली उभी केली, कोबी लावला, कोंबड्या सोडल्या. मग केसाएवढी तांब्याची तार ताणली आणि तिच्यावर सिगारेटच्या कागदाच्या चादरी टांगल्या. अर्धं धुणं दोरीवर, अर्धं पाटीत.

मंडळाचा अध्यक्ष झीगमार हेर्टविग, हयातभर भट्टीवर पाव भाजलेला गडी. तो चष्मा कपाळावर चढवून वाकला.

"हे काय रं?"

"धुणं."

"ऐतवारी?"

"ऐतवारीच."

"खुळा का काय तू? ऐतवारी धुणं वाळत घालतंय का कोन? लोक म्हनतील, मंडळाला वार कळंना!"

"बाकीचे दिवस मालगाड्या. इंजनाची काजळी. चादर घातली की कोळशाचं पोतं व्हायचं तिचं. ऐतवारची गाडी एकदा म्होरं गेली की आभाळ साफ. मग घालायची."

"फोटू हाय?"

"धुण्याचा फोटू कोन काढंल?"

"मग न्हाई जमायचं गड्या. चर्चच्या पायरीवरनं सरळ दिसतंय ते."

"तवाबी दिसायचं," एकेहार्ट म्हणाला.

हात वर करून मतं घेतली. धुण्याच्या बाजूनं एकच हात, तोही कोपरातून अर्धा. एकेहार्टनं चिमट्यानं एकेक चादर उतरवली, काडेपेटीत घातली, पेटी खिशात. दोरी मात्र तशीच ठेवली. दोरीला वार नसतो.

नाताळाआधीच्या आठवड्यांत प्रदर्शन भरलं. शाळेच्या हॉलमध्ये बटाट्याची धिरडी, सफरचंदाची चटणी, ओल्या कोटांचा वास. गावातली सगळ्यांत म्हातारी, ट्राउडेल झायफर्ट, चाकांचा आधार ढकलत आली. आपलं घर शोधलं, चर्च शोधलं. मग फाटकापाशी थांबली ती हलेचना.

"झीगमार, इकडं ये. हे चुकलंय."

झीगमार लगबगीनं आला. "काय चुकलं, आजी?"

"फाटकवालीचं धुणं कुठाय?"

"आजी, ऐतवार हाय तिथं."

"आरं म्हनून तर इचारतीय! ऐतवारी चर्चमधनं भाईर पडलं की पयलं तेच दिसायचं. पाद्र्याचं प्रवचन इसरायचो, पर हुल्डाच्या चादरीवर जेवनापतुर बोलायचो. नुस्ती दोरी काय टांगलीय?"

"व्हय व्हय," मागून एक म्हातारा म्हणाला. "लई पांढऱ्या असायच्या."

"आन् तुझी आय," ट्राउडेल झीगमारला म्हणाली, "कुंपनाशी हुबी ऱ्हाऊन चादरी मोजायची. नावं ठिवायला तिनंच शिकवलं आमाला."

चार म्हातारे जमले आणि ज्याला त्याला रिकामी दोरीच दिसायला लागली. झीगमार धिरड्याची थाळी घेऊन कोपऱ्यात गेला. तिथं एकेहार्ट तुटलेला सिग्नल चिकटवत होता.

"घाल बाबा ते वाळत."

"मतं घेतलीत न्हवं?"

"आता जीव खातोस का? घाल."

एकेहार्टनं थाळीतलं धिरडं आधी संपवलं. हात पुसले. खिशातून काडेपेटी काढली आणि लोकांदेखत एकेक चादर टांगली. पाटी खाली ठेवली. म्हातारी ट्राउडेल "डावीकडं, जरा डावीकडं" करत राहिली. झीगमारनं सुस्कारा सोडला. एकेहार्टनं मात्र काडेपेटी पुन्हा उघडली. तळाशी एक रंगवलेली बाई होती, कमरेवर हात ठेवलेली, आंबट चाखल्यागत तोंड केलेली. ती त्यानं शेजारच्या हेर्टविगांच्या कुंपणाशी उभी केली, तोंड दोरीकडं करून.

झीगमारनं चष्मा खाली ओढला. बराच वेळ बघितलं.

"माझी आय येवढी जाड न्हवती."

"सत्त्याऐंशी पट बारीक केलीय लेका," एकेहार्ट बाईच्या पायाशी गोंद लावत म्हणाला. "आनि किती करू?"